दोन गुडघे आणि चोवीस नंबरची बस

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाका. आई म्हणते, आधी लंडन बघून येते, मग काय कापायचं ते कापा. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेली बाई. थेम्स, ग्रीनिच, टॉवर हे सगळं तिनं फळ्यावर खडूनं काढून दाखवलंय, एकदा खरं बघायचं होतं. बाबांनी विमानात बसायला साफ नकार दिला, म्हणून मग आम्ही दोघीच निघालो.

तयारी मी ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, नकाशापासून सुरू केली आणि तिथंच अडकले. नकाशावर काही स्टेशनांपुढे व्हीलचेअरची खूण असते. ती असेल तिथं जिने न चढता रस्त्यापर्यंत येता येतं. ट्यूबची २७२ स्टेशनं, त्यातल्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला ही खूण. बाकीच्यांना जिने, नाहीतर सरकते जिने आणि त्यांच्या पुढं पुन्हा दहा-पंधरा पायऱ्या. मग ठरवलं, जिने असलेल्या ट्यूबच्या वाटेला जायचंच नाही. लंडन बसनं बघायचं. एलिझाबेथ लाइन नवी आहे, २०२२ ची, तिला सगळीकडं लिफ्ट आहेत, तेवढी चालेल. या एका निर्णयानं आमची अख्खी सहल बदलली.

व्हिसाचं फार सांगत नाही. २०२५ मध्ये १२७ पौंड माणशी, पुण्यात बोटांचे ठसे, बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंटं. खरं भांडण झालं ते कंदी पेढ्यांवरून. साताऱ्यातून निघताना पेढे न घेणं आईच्या हिशेबात बसत नाही, आणि आपल्याकडून ब्रिटनमध्ये दुधाचा कुठलाच पदार्थ न्यायला परवानगी नाही. "पेढ्यानं त्यांचं काय वाईट होणाराय?" हे वाक्य मी मुंबईच्या विमानतळापर्यंत ऐकलं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या मात्र आल्या.

शनिवार, २४ मे

पहाटेचं विमान. भारतीय विमानांना पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, त्यामुळे वळसा घालून दहा तास लागले. आईनं त्यातले आठ तास समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघण्यात घालवले आणि कोणता समुद्र आला ते मला झोपेतून उठवून सांगितलं.

गुडघ्यांसाठी व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवली होती. ज्यांचे आई-वडील परदेशी जातात त्यांना हे नव्यानं सांगायला नको, पण कुणी संकोच करत असेल तर करू नका. हीथ्रोला टर्मिनल २ मध्ये चालणं भरपूर आहे आणि आपल्या पासपोर्टवाल्यांची रांगही बारकी नसते. खुर्ची ढकलणारा माणूस जालंधरचा निघाला. आईचं शाळेतलं हिंदी आणि त्याचं पंजाबी वळणाचं हिंदी, दोघांचं छान जमलं. इमिग्रेशनवाल्या बाईनं किती दिवस राहणार विचारल्यावर आईनं पाठ केलेलं उत्तर दिलं, "सिक्स डेज. आफ्टर दॅट, नी ऑपरेशन." बाई हसली. शिक्का बसला.

शहरात जायला दोन मुख्य रस्ते. पिकॅडिली लाइन तेव्हा ५.८० पौंडांत न्यायची पण तास घेते. एलिझाबेथ लाइन त्याच्या दुपटीहून जास्त पैसे घ्यायची आणि अर्ध्या तासात पॅडिंग्टनला सोडते. आम्ही दुसरी घेतली. तिकीट काढायचं नसतंच. कॉन्टॅक्टलेस कार्ड पिवळ्या गोलावर टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं, हिशेब ते लोक करतात. फक्त माणशी वेगळं कार्ड लागतं, म्हणून आईच्या नावाचं फॉरेक्स कार्ड काढलं होतं. आईनं ते गोलावर असं टेकवलं की मागचा माणूस थांबून बघायला लागला. "देवापुढं नाणं ठेवल्यासारखं नाही गं, नुसतं टेकव."

शहाणपणा शिकवणारी मीच घोळ करून बसले. हीथ्रोला कार्ड टेकवलं आणि पॅडिंग्टनला हातात फोन होता म्हणून फोन टेकवला. कार्ड तेच, पण यंत्राच्या लेखी फोनमधलं कार्ड वेगळं आणि पाकिटातलं वेगळं. म्हणजे दोन अर्धवट प्रवास, आणि अर्धवट प्रवासाला जास्तीत जास्त भाडं लागतं. रात्री बँकेचे मेसेज बघून कळलं. आईला सांगितलं नाही, इथं लिहिते आहे म्हणजे आता कळेलच.

हॉटेल स्टेशनजवळच्या एका गल्लीत होतं. बुकिंग करताना लिफ्टचा फोटो होता. लिफ्ट होतीही, तिच्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला. खोली तिसऱ्या मजल्यावर. काउंटरवरच्या पोरानं तीन वेळा सॉरी म्हटलं आणि बॅगा उचलून वर नेल्या, त्याबद्दल त्याचं भलं होवो. आई मागून कठडा धरून मोजत मोजत आली. अठ्ठेचाळीस पायऱ्या. अख्ख्या लंडनच्या पायऱ्या चुकवायचा बेत करून आले होते आणि पायऱ्या हॉटेलातच निघाल्या. दुसऱ्या दिवशी भांडून पहिल्या मजल्यावरची खोली मिळवली.

मेच्या शेवटी तिथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. दोन तास झोपून आम्ही लिटिल व्हेनिसकडे निघालो. हा कालव्याचा भाग पॅडिंग्टनच्या पाठीमागंच आहे. पाण्यात लांबट अरुंद होड्या बांधलेल्या, काहींच्या टपावर कुंड्या आणि सायकली. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला चाळीस मिनिटं लागली, कारण वाटेतल्या प्रत्येक बाकावर आई बसली. कालव्यापासून जवळच हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक, १८५६-१९२०, इथं १९१८-१९१९ मध्ये राहिले.

व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर बदनामीचा खटला लढवायला टिळक इथं आले होते. मंडालेची सहा वर्षं भोगून झालेली, वय बासष्ट, मधुमेह. खटला हरले. आई त्या बंद दरवाजासमोर उभी राहून मला हे सगळं सांगत होती, मला माहीत आहे हे तिला माहीत असूनही. मग तिनं चपला काढल्या आणि हात जोडले. कुत्र्याला फिरवायला निघालेलं एक जोडपं रस्ता ओलांडून पलीकडून गेलं.

रविवार, २५ मे

आज पहिली बस. पॅडिंग्टनहून छत्तीस नंबर, थेट व्हिक्टोरिया. बस थांब्याला लागली की दाराकडची बाजू फुस्स करून खाली बसते, म्हणजे फुटपाथवरून नुसतं पाऊल टाकलं की आत. आईला हे इतकं आवडलं की ती उतरून पुन्हा चढते की काय अशी मला भीती वाटली. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना नाही.

मी तिला खाली, ज्येष्ठांसाठीच्या जागेवर बसवलं. तिनं वर बघितलं. "वर पण बसतात का?" "आई, वर जिना आहे. तोही चालत्या गाडीतला." "मग काय झालं?" आणि दोन्ही दांड्या धरून ती चढली. आदल्या रात्री अठ्ठेचाळीस पायऱ्यांना हाय हाय करणारी माझी आई हायड पार्क येईपर्यंत वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढं, मोठ्या काचेसमोर बसलेली होती. गुडघ्यांचं काय विचारल्यावर म्हणाली, "ते दुखणं वेगळं."

त्या जागेचं खरंच काहीतरी आहे. समोर ड्रायव्हर नाही, बॉनेट नाही, थेट रस्ता. झाडांच्या फांद्या काचेवर फटाफट आपटतात आणि पहिल्या वेळी आपण मान खाली घालतोच. मार्बल आर्च, मग डावीकडं पार्क लेनची मोठी हॉटेलं आणि उजवीकडं हायड पार्कची हिरवळ, मग हायड पार्क कॉर्नरच्या वळणावर बस एवढी झुकते की आईनं माझा हात धरला. हे सगळं तेव्हा १.७५ पौंडांत. एका तासात कितीही बस बदला, पुन्हा पैसे नाहीत. आणि दिवसभर फक्त बसनंच फिरलात तर ५.२५ पौंडांवर काटा थांबायचा, म्हणजे तिसऱ्या बसनंतरच्या सगळ्या फुकट. पर्यटकांच्या टपउघड्या बसवाले याच रस्त्यांवरून फिरवायला याच्या कैक पट घेतात.

आईचा हिशेब वेगळाच. "पावणेदोन पौंड म्हणजे दोनशे रुपये. दोनशेत मी अर्ध्या तिकिटावर पुण्याला जाऊन परत येते." एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून ती जगातल्या सगळ्या गाड्यांकडून तीच अपेक्षा करते. इथल्या साठीपुढच्या लोकांना फुकट पास असतो, पण तो लंडनच्या रहिवाशांनाच, हे तिला सांगायला नको होतं.

व्हिक्टोरियाहून चोवीस नंबर. ही बस उत्तरेला हॅम्पस्टेड हीथपासून दक्षिणेला पिम्लिकोपर्यंत जाते आणि १९१२ पासून तिचा मार्ग फारसा बदललेला नाही. पार्लमेंट स्क्वेअर, व्हाइटहॉल, ट्रॅफल्गर स्क्वेअर, चेअरिंग क्रॉस रोड, कॅम्डेन हे सगळं तिच्या एकटीच्या वाटेवर. पुढचे चार दिवस आम्ही तिलाच धरून राहिलो.

बिग बेन बघितलं. नाव घंटेचं, मनोऱ्याचं नाही, हे आईनं मला ऐकवलं. वेस्टमिन्स्टर पुलावर मुंगी शिरायला जागा नव्हती. तिथं तीन वाट्या आणि एक चेंडू घेऊन खेळवणारे बसलेले असतात. भोवती जिंकणारे जे दिसतात ते त्यांचेच साथीदार. पाचेक मिनिटं बघून आई मोठ्यानं मराठीत म्हणाली, "हे तर आमच्या जत्रेतलंच आहे की." पार्लमेंट स्क्वेअरमध्ये गांधीजींचा पुतळा आहे, त्यासमोर तिनं माझ्याकडून फोटो काढून घेतला. मग चोवीसनं ट्रॅफल्गर स्क्वेअर आणि नॅशनल गॅलरी. गॅलरी फुकट. चित्रांइतकंच मोलाचं म्हणजे तिथं स्वच्छ शौचालय आहे आणि ठिकठिकाणी बसायला बाकं. आईला घेऊन फिरताना शहराचा खरा नकाशा हाच असतो: शौचालय कुठं, बाक कुठं. लंडनची मोठी सरकारी म्युझियमं या दोन्ही बाबतींत दिलदार आहेत.

सोमवार, २६ मे

बँक हॉलिडे, वर शाळांना आठवड्याची सुट्टी. टॉवर ऑफ लंडनला याच दिवशी जायचं मला सुचलं, त्याची शिक्षा मिळाली. ट्रॅफल्गर स्क्वेअरहून पंधरा नंबर स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्सवरून टॉवरला जाते. रस्ता सुंदर, पण वर पुढची जागा मिळाली नाही. तिथं आधीच दोन पोरं स्टिअरिंग फिरवल्यासारखं करत बसली होती. आई त्यांच्या मानेमागून बघत राहिली.

तिकीट पस्तीस पौंडांच्या वर. ज्येष्ठांना मात्र सवलत, मग ते रहिवासी नसले तरी. आईचा चेहरा उजळला.

रत्नांच्या दालनात मुकुटांसमोरून सरकता पट्टा आहे. उभं राहायचं, तो तुम्हाला घेऊन जातो, थांबायला मुभा नाही आणि फोटोही नाही. कोहिनूर महाराणी दुसऱ्या एलिझाबेथच्या आईच्या, १९३७ च्या, मुकुटात बसवलेला आहे. सरकत्या पट्ट्यावरून तो दिसतो तेवढ्यात एखादा श्वास घेऊन होतो. बघून मला वाटलं, एवढासाच? आपल्याकडून आला तेव्हा याच्या दुपटीच्या जवळ होता, तिथं नेल्यावर कापून १०५.६ कॅरेटचा केला. आई काहीच बोलली नाही. पट्टा संपल्यावर म्हणाली, "पुन्हा." पुन्हा गेलो. दुसऱ्या खेपेला तिनं विचारलं, "दुलीपसिंग किती वर्षांचा होता?"

"दहा."

"म्हणजे पाचवीतलं पोर," आई म्हणाली. "पाचवीतल्या पोराची सही घेतली."

दुलीपसिंग म्हणजे पंजाबचा बालराजा, ज्याच्याकडून इंग्रजांनी १८४९ च्या लाहोर तहात कोहिनूर घेतला. त्या तहाबद्दल मी बरंच वाचलंय, पण ते इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिथले पाळलेले डोमकावळे, वर्दीतले रखवालदार वगैरे बघितले. दगडी फरशीवरून चालून तिचे गुडघे सुजले होते. पंधरा, मग चोवीस, मग एलिझाबेथ लाइन. रात्री दशमी-चटणी आणि गरम पाण्याची पिशवी.

मंगळवार, २७ मे

पॅडिंग्टनहून सत्तावीस नंबर थेट चॉक फार्मला जाते. मॅरिलबोन रोडवरून मेणाच्या पुतळ्यांच्या म्युझियमबाहेरची रांग बसमधूनच बघितली, तेवढ्यावर समाधान मानलं. चॉक फार्मपासून थोडं चालून किंग हेन्रीज रोड. नीट झाडलेला रस्ता, एकसारखी विटांची उंच घरं, आणि त्यातल्या दहा नंबरवर निळी पाटी: डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, इथं १९२१-२२ मध्ये राहिले.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते पहिल्यांदा १९१६ मध्ये दाखल झाले, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये पुन्हा आले. त्या दुसऱ्या फेरीतलं हे घर. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये विकत घेतलं. आजूबाजूच्या काहींनी तक्रार केली, तिथल्या कौन्सिलनं निवासी जागेत स्मारक नको म्हणून आडकाठी घातली. शेवटी २०२० मध्ये ब्रिटिश सरकारनं परवानगी दिली.

आत भिंतींवर फोटो, काचेखाली कागद, एका खोलीत पलंग आणि पुस्तकं मांडलेली. जिना होताच, आई खालीच थांबली. मी वरून उतरले तेव्हा ती नांदेडहून आलेल्या एका कुटुंबाशी बोलत होती. त्यांचा मुलगा मँचेस्टरला शिकतो, आई-वडील पहिल्यांदाच भेटायला आलेले, आणि लंडनला पाय ठेवल्यावर पहिल्यांदा कुठं जायचं यावर त्यांच्यात काही चर्चाच झाली नव्हती. "स्टेशनवरून थेट इथं आलो, मॅडम," त्या गृहस्थांनी सांगितलं. त्यांच्या मिसेसनी पिशवीतून चिवडा काढला आणि घराबाहेरच्या कठड्याजवळ आम्ही पाचजणांनी खाल्ला. शेजारच्या घरातून कुणी खिडकीतून बघत असेल तर बघो.

आंबेडकर दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचे, आणि पैसे वाचवायला चालत जायचे, हे आईनं वाचलेलं. मग तिचा आग्रह, आपण पण तिथंच जायचं, पण बसनं. कॅम्डेनमधून चोवीस मिळाली, पुढची जागाही. खिडकीतून अंतर मोजत ती गप्प बसली होती. टॉटनहॅम कोर्ट रोड येईपर्यंत बराच वेळ गेला. "रोज एवढं?" एवढंच म्हणाली.

म्युझियमच्या मधोमध काचेचं छप्पर असलेला भलामोठा चौक आहे आणि चौकाच्या मध्यात ती जुनी गोल वाचनाची इमारत, १८५७ ची. आम्ही तिला बाहेरून एक फेरी मारली. बाकी ममी आणि रोझेटाचा दगड मी पळत पळत बघून आले. आई बाकावर.

बुधवार, २८ मे

सगळ्या सहलीतला हा दिवस मला पुन्हा जगायला आवडेल.

एलिझाबेथ लाइननं कॅनरी व्हार्फ, तिथून डीएलआर. ही छोटी गाडी ड्रायव्हरशिवाय चालते, १९८७ पासून, आणि तिच्या सगळ्या स्टेशनांना लिफ्ट किंवा उतार आहे. ड्रायव्हर नाही म्हणजे सगळ्यात पुढची काच प्रवाशांची. आईनं बसमध्ये कमावलेल्या अनुभवानं ती जागा हेरली, पण पाच वर्षांचा एक मुलगा आधीच तिथं उभा. त्यानं आईकडं बघितलं, आईनं त्याच्याकडं. मग त्यानं सरकून अर्धी जागा दिली आणि म्हणाला की गाडी तो चालवणार आहे. आईनं "ओके, ड्रायव्हर" म्हणून मान्यता दिली. आयलंड गार्डन्सनंतर गाडी थेम्सखाली बोगद्यात शिरली तेव्हा दोघांनी एकदमच "ओऽऽ" केलं.

कटी सार्क हे १८६९ चं चहा वाहणारं जहाज स्टेशनसमोरच उभं आहे. ते बाहेरून बघून बागेत गेलो. वेधशाळा टेकडीवर. मी चढ बघितला, आईनं चढ बघितला. "तू जा," ती म्हणाली, "मी इथून गोळा बघते." आणि तिनं मला तो गोळा समजावून सांगितला, जो मला माहीतच नव्हता. वेधशाळेच्या मनोऱ्यावर एका खांबावर मोठा लाल गोळा आहे. रोज दुपारी १२:५५ ला तो अर्धा वर चढतो, १२:५८ ला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली पडतो. १८३३ पासून. नदीतली जहाजं त्यावर घड्याळं लावून घेत, कारण समुद्रात आपण किती पूर्वेला, किती पश्चिमेला आहोत हे कळायला अचूक वेळ बरोबर न्यावी लागते. पंधरा अंश रेखांश म्हणजे एक तास. "हे मी तीस बॅचना शिकवलंय," आई म्हणाली.

मी धापा टाकत वर पोचले. अंगणात शून्य रेखांशाची पट्टी, तिच्यावर एक पाय इकडे एक पाय तिकडे करून फोटो काढणाऱ्यांची रांग. अंगणात जायला तिकीट लागतं; बाहेरच्या पायवाटेवर भिंतीतून तीच रेघ खाली येते, तिथं फुकट उभं राहता येतं. आत जॉन हॅरिसन या घड्याळजीची अठराव्या शतकातली समुद्री घड्याळं आहेत, ती बघायची तर तिकीट काढाच.

एक वाजायला सहा मिनिटं असताना आईला फोन लावला. खाली हिरवळीवर ती एक ठिपका दिसत होती, जांभळ्या साडीमुळं ओळखू आली. "अर्ध्यावर आलाय," ती. "मला दिसत नाही, मी अगदी खालीच आहे खांबाच्या." "थांब, आता टोकाला गेला." मग आम्ही दोघी गप्प. मध्येच तिनं बाबांना कॉन्फरन्सवर घेतलं. साताऱ्यात साडेपाच वाजत आले होते, चहाची वेळ. "काय पडणाराय?" बाबा विचारत होते. "पडला!" आई ओरडली. "पडला, अहो, बरोबर एकला!" मी मान उंच करून बघेपर्यंत तो खाली आलेला.

खाली आल्यावर आईनं एक गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली. गोळा पडला तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजले, म्हणजे फरक साडेचार तासांचा. पुस्तकात फरक साडेपाच तासांचा. कारण उन्हाळ्यात हे लोक घड्याळ तासभर पुढं करतात. "म्हणजे ग्रीनिचमध्येच आत्ता ग्रीनिचची वेळ नाही." हे शोधून तिला कोण आनंद झाला होता.

परत येताना बोट. बसच्या मानानं बरीच महाग, पण कार्ड तेच चालतं आणि खुर्चीत बसून टॉवर ब्रिजच्या खालून वेस्टमिन्स्टरपर्यंत यायला मिळतं. तिथून चोवीसनं व्हिक्टोरिया, छत्तीसनं पॅडिंग्टन. दोन्हींत पुढची जागा.

गुरुवार, २९ मे

दिवसभर रिमझिम. छत्तीसनं मार्बल आर्च, चौऱ्याहत्तरनं साउथ केन्सिंग्टनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. वाघनखं याच म्युझियमची. ती जुलै २०२४ पासून साताऱ्यात सात महिने होती आणि आई त्या रांगेत दोन वेळा उभी राहिलेली. आम्ही लंडनला पोचलो तेव्हा ती नागपुरात होती. म्हणजे साताऱ्याची माणसं वाघनखांच्या घरी आली आणि वाघनखं महाराष्ट्राच्या दौऱ्यावर. अफझलखानाच्या वेळची तीच का, हे सिद्ध झालेलं नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं. आईला ते सांगितलं तर म्हणाली, "रांगेत उभं राहिल्यावर हे बोलायचं नसतं."

तिथं ओतीव प्रतींची दोन अजस्र दालनं आहेत. रोमच्या ट्रेजनच्या स्तंभाची पूर्ण आकाराची प्रत छपरात मावेना, म्हणून दोन तुकड्यांत शेजारी शेजारी उभी केलीय. आई बराच वेळ ते बघत बसली. मग चहा, आणि पाऊस थांबायची वाट.

शुक्रवार, ३० मे

सकाळी हॉटेलची लिफ्ट सुरू झाली होती. पॅडिंग्टन, एलिझाबेथ लाइन, हीथ्रो. या वेळी मी कार्डच टेकवलं.

व्हीलचेअरची वाट बघताना आईनं पर्समधून वही काढली. शाळेच्या हजेरीसारखे आखलेले रकाने, रोज रात्री भरत होती, मला दाखवली नव्हती. चोवीस, सात वेळा. छत्तीस, चार. पंधरा, दोन. चौऱ्याहत्तर, दोन. सत्तावीस, एक. एकूण सोळा. शेवटचा रकाना 'पुढची जागा', त्यात अकरा बरोबरच्या खुणा. पंधरा नंबरच्या दोन्ही ओळींत फुली होती आणि पुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पोरं'.